मागचा डावा कोपरा

नागावात गायकवाड सरांच्या ओटीवर पाय ठेवलात तर पाण्याचा तांब्या नंतर येतो, आधी मोजपट्टी येते. सर तुम्हाला एका लाकडी स्टुलावर बसवतात, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात आणि म्हणतात, "हां. आता तू जीपमध्ये बसलायस. गुडघा कुठं लागतोय?"

समोर जीप नसते. समोर जास्वंद असते. पण तुम्ही गुडघा जरासा उजवीकडे सरकवता, कारण तीस-पस्तीस वर्षांपूर्वी तो तिथंच लागायचा. सर पट्टी लावतात आणि वहीत लिहितात, "उजवा गुडघा ते पुढचा पत्रा, साडेनऊ इंच. साक्षीदार त्या काळी बारीक होता." मग पाणी.

सरांचं वय अठ्ठ्याहत्तर. तंत्रशाळेत त्यांनी जन्मभर ड्रॉइंग शिकवलं. म्हणजे फुलं-पानं नव्हेत. नट, बोल्ट आणि त्यांचे उभे-आडवे छेद. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "बाई हायेत की घरात." बाई म्हणजे जीप. लष्कराच्या लिलावातून आणलेली, हिरवी, डावीकडे स्टेअरिंग असलेली. खाऱ्या वाऱ्यानं बाईंना असं खाल्लं की शेवटी भंगारवाला आला तेव्हा त्यानं जीप गोणीत भरून नेली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बरं, गोणी नव्हती, टेम्पो होता. पण टेम्पो लहान होता.

मागे उरलं भिंतीवर टांगलेलं स्टेअरिंग आणि दसऱ्याचा एक फोटो. त्यात बाईंना झेंडूचा हार घातलाय आणि दिसतंय ते फक्त तोंड.

गेल्या वर्षी पुण्याच्या भाचीनं जुना कॉम्प्युटर पाठवला. मामा पत्ते खेळेल, बातम्या वाचेल, असा तिचा हिशेब. मामानं त्यात जीप बांधायला घेतली. पडद्यावर चारी बाजूंनी फिरवता येईल, खालून वाकून बघता येईल अशी, पुऱ्या मापाची. शिकले ते व्हिडिओ बघून. त्या व्हिडिओत एक गोरा पोरगा चहा पीत पीत चाळीस मिनिटांत मोटार उभी करतो. सरांना पहिलं चाक गोल व्हायला दीड महिना लागला, कारण त्या पोराची मोटार सरांना अजिबात पसंत नव्हती.

"नुसतं टरफल हाय ते," सर मला म्हणाले. "बॉनेट उघड, आत काय हाय? काही न्हाय. पोकळ काम आपल्याला जमत न्हाय, दिनू."

दिनू म्हणजे मी. दोन खोल्यांचा होमस्टे चालवतो. पाहुण्यांना खोली भाड्यानं देतो आणि थापा फुकट.

तर पोकळ काम नको म्हणून सरांनी आधी इंजिनाच्या आतले पिस्टन केले, पिस्टनवरच्या कड्या केल्या, मग बाहेरचं इंजिन केलं. सीट करताना आत काथ्या भरला. कारण जुनी सीट फाटल्यावर त्यांनी खरोखरच आपल्या वाडीतल्या नारळांचा काथ्या भरला होता. पडद्यावरही एकेक धागा वेगळा, आणि वरून कापड शिवून टाकलेलं, म्हणजे तो कोणाला कधी दिसणार नाही. कॉम्प्युटर इतका तापायचा की त्याच्या मागून येणाऱ्या वाऱ्यावर मी एकदा अर्धा किलो कोलंबीचे सोडे वाळवले. आमच्या सौ. म्हणतात, दोनच सोडे होते. माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं हे त्यांना लग्नानंतर आठ दिवसांत कळलं. उरलेल्या निम्म्याबद्दल त्या अजून चौकशी करतायत.

मापं कुठून आणायची? सरांनी गावाकडून आणली. बाईंमध्ये बसून जो कोणी कधी अलिबागला गेला असेल त्याला ओटीवर बोलावणं. दवाखान्यात नेलेली माणसं आली, वरातीत बसलेली नवरी आली, आता तिला नातवंडं आहेत. रेवदंड्याची हिराबाय मासळी घेऊन आली, तिनं आपली पाटीच जमिनीवर ठेवली. "दोन पाट्या आडव्या मावायच्या, सर. तिसरी नाय मावायची. तिसरी मी मांडीवर घ्यायची." सरांनी पाटी मोजली, हिराबायच्या मांडीचं माप तिच्या सांगण्यावरून धरलं, आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर निघालं.

असं करत करत बाई पुढून पुऱ्या झाल्या. मागून मात्र सुरीनं केक कापावा तशा सपाट कापलेल्या. त्याचा साक्षीदार एकच होता.

बाई कधीही आपण होऊन सुरू झाल्या नाहीत. त्यांना धक्का लागायचा. मी तेविसाचा होतो, बी. ए. झालेला, म्हणजे पूर्ण मोकळा. सर मला गाडी शिकवायचे आणि बदल्यात मी सलग दोन वर्षं रोज सकाळी सहाला येऊन धक्का मारायचो. गावानं बाईंचं तोंड पाहिलं. पाठ पाहिली ती मी. सर म्हणायचेच, "पुढचं सगळे सांगतात. मागचं तुझ्याइतकं कुणी बघितलं न्हाय."

सरांनी मागचा विषय काढला की मला माझे पाहुणे आठवायचे. "आलोच सर, पाहुणे उतरतायत." असे दोन महिने गेले, आणि तेवढ्यात माझ्या दोन खोल्यांत अंदाजे चारशे पाहुणे उतरले.

कारण सांगतो. आजवर कोणाला सांगितलं नाही.

धक्का मारायला लागून दोन वर्षं होत आली होती तेव्हा एका दुपारी सर झोपले होते. शेजारच्या वाडीत मावशीकडे एक मुलगी आली होती आणि विहिरीवर पाणी काढत होती. मला वाटलं, स्टेअरिंगमागे आपण बरे दिसू. बसलो. कोपर बाहेर काढलं. मुलगी बघेना. मग आता निघतोच आहोत असं दिसावं म्हणून हँडब्रेक सोडला.

सरांच्या वाडीला उतार आहे. बाई मागे निघाल्या. आवाज नाही, घाई नाही, मोठ्या घरची बाई देवळातून परतावी तशा. बारा-पंधरा फुटांवर त्यांनी मागचा डावा कोपरा एका माडावर ठेवला. इंजिन बंद होतं, त्यामुळे मी गाडी ठोकली असं म्हणता येत नाही. गाडीनं मला नेऊन ठोकलं. मुलगी मात्र आता बघत होती.

आयुष्यातला सगळ्यात मोठा धक्का मी त्या दुपारी मारला, तोही चढावर. बाई पुन्हा होत्या त्या जागी. संध्याकाळपर्यंत मी गावभर सांगून टाकलं होतं की म्हात्र्यांच्या बैलानं जीपला ढुशी दिली. गोष्ट इतकी झकास जमली की आठ दिवसांत ती ढुशी प्रत्यक्ष पाहिलेली चार माणसं तयार झाली. लोकांच्या तोंडाला लागायला नको म्हणून म्हात्र्यांनी बैलाची शिंगं साळली. तो बैल पुढे मरेपर्यंत मान खाली घालून चालला, आणि मला पाहिलं की थांबायचा.

खरी साक्षीदार एकच, विहिरीवरची. तिच्याशी मी लग्न केलं. बायकोची साक्ष नवऱ्याविरुद्ध चालत नाही, असं मला अलिबागच्या कोर्टाबाहेर एका चहावाल्यानं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी सरांकडे गेलो नाही. सकाळी सहाला जाग यायची, मी पांघरूण डोक्यावरून घ्यायचो. नंतर तेहेतीस वर्षं रस्त्याच्या पलीकडून, "काय सर, बरं हाय ना?" गावाला बोलावणी गेली तेव्हाच पुन्हा त्या ओटीवर चढलो, तेही न गेल्यास संशय येईल म्हणून.

शेवटी सौ. म्हणाल्या, "जा आणि सांगून टाका. बैल जाऊनसुद्धा पंचवीस वर्षं झाली."

गेलो. सांगायलाच गेलो होतो. पण सर पट्टी घेऊन बसलेले, हिराबाय ओटीवर मांदेली मोजून देत होती, आणि माझ्या तोंडातून निघालं, "मागचा पत्रा एकदम सपाट, सर. आरशासारखा. भांग पाडून घ्यावा असा."

सरांनी सपाट पत्रा काढला. बाईंना फिरवून पाहिलं. "पोकळ वाटतंय रे."

"सपाट?" हिराबाय मासळी सोडून उठली. "दिनूशेट, डावा कोपरा चेपलेला व्हता. दोनदा माझं लुगडं फाटलं त्याला."

"हां, ते... बैलानं नाही का."

"कंचा बैल?"

"म्हात्र्यांचा."

"त्यो त्या महिन्यात चौलला व्हता, त्यांच्या जावयाकडं. ढुशी द्यायला काय एसटीनं आला?"

मी म्हणालो, पाहुणे उतरतायत. सर म्हणाले, "बस."

हिराबाय पाटी उचलून गेली. सरांनी पडद्यावर बाईंच्या मागे एक उंच गोल खांब उभा केला. खांब हळूहळू पुढे आणला आणि डाव्या कोपऱ्याला टेकवला. आणखी दाबला. पत्रा आत गेला. अगदी तसाच. मला माझ्या दातांत तो आवाज ऐकू आला.

"नऊ इंच जाडी," सर वर्गात शिकवावं तसं म्हणाले. "बैलाचं शिंग एवढं गोल नसतं."

"माड होता, सर," मी म्हणालो. "आणि आत मी होतो."

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळपासून. पत्र्यात माडाची साल अडकलेली. बैलाच्या अंगाला साल असते काय?"

तेहेतीस वर्षं जपलेली माझी सर्वोत्तम थाप पहिल्याच दिवशी संध्याकाळी मेली होती. मी नुसता तिचं प्रेत मिरवत होतो.

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तू येशील. येऊन सांगशील, मग दोघं मिळून ठोकून सरळ करू." सरांनी चष्मा पुसला. "म्हणून तसाच ठेवला कोपरा."

"आणि बाई?"

"सहा-सात महिने उतारावरनं सोडून चालवली. मग उतार पण पुरेना. धक्क्याला माणूस नव्हतं, मग उभीच ऱ्हायली." बोल्टचं माप सांगावं तितक्याच आवाजात ते म्हणाले. मी भिंतीवरचं स्टेअरिंग उगाच सरळ केलं.

सरांनी खांब पुसून टाकला, चेपलेला कोपरा ठेवला. मग माझा तो आरशासारखा पत्रा काढून टाकला आणि दुसरीकडे जपून ठेवलेला एक पत्रा आणून बसवला. तो आधीच तयार होता. छातीच्या उंचीवर त्याला दोन फिकट डाग होते, हिरवा रंग घासून गेलेला, एकमेकांपासून हातभर लांब.

"हे काय, सर? गंज?"

"तुझे हात. दोन वर्षांत रंग गेला तिथला."

त्याचा फोटो नव्हता. त्याची साक्ष कोणी दिली नव्हती. मी पडद्याच्या जवळ गेलो. बोटंसुद्धा मोजता येत होती, डाव्या हाताची करंगळी माझी वाकडीच आहे.

"पाठ तयारच होती तर माझी साक्ष कशाला हवी होती?"

सर उठले. आत जाऊन तांब्या घेऊन आले. पट्टी न लावता दिलेलं त्या ओटीवरचं हे पहिलंच पाणी असावं.

"चालू करून बघू या?" ते म्हणाले आणि चावी फिरवली, म्हणजे काहीतरी दाबलं. पडद्यावरच्या बाई घर्र झाल्या, हुंदका दिल्यासारख्या हलल्या आणि थांबल्या.

"बिघडलं काय?"

"बिघडलं कुठं? होतं तसंच हाय. धक्का लागतो." त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला आणि सगळ्यात लांब बटण दाखवलं. मी एका बोटानं दाबलं. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"दोन्ही हात लाव, दिनू," सर म्हणाले. "एवढ्यानं उठायच्या न्हाईत त्या."

मी खुर्ची मागे सारली, उभा राहिलो, पाय रोवले आणि दोन्ही तळवे त्या बटणावर ठेवले.