लेस्टर मुक्कामी सोनेरी पुतळा काबीज केला त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. लेस्टर मुक्कामीचे समस्त मराठी मंडळी, बेलग्रेव्ह रस्त्यापासोन ओडबीपावेतो राहणारे, थोर लहान, व्हिसावाले आणि पासपोर्टवाले, यांसी विदित व्हावे जे, आपण आज्ञा केली की त्या रविवारी हॉलात काय जाहले ते कोणास धड ठाऊक नाही, जो तो व्हॉट्सअ‍ॅपवर आपलेच घोडे दामटतो, तरी खरे वर्तमान एकवार लिहोन काढावे. त्यावरोन हे लिहिले आहे. लिहिणारा तिसऱ्या रांगेत बसला होता, त्यास भजी मिळाली नाहीत, सबब कोणाची भीड बाळगण्याचे कारण नाही.

तर पूर्वी अमेरिका खंडी हॉलिवूड नामे मुलुखी, सन एकोणीसशे पन्नासाचे मागेपुढे, चित्रपटवाल्यांचा दरबार भरत असे, आणि त्या दरबारी मातबर नटी नामजद होत, आणि त्या फरचे शेले पांघरोन, हिरे लेवोन, पहिल्या रांगेत बसत, आणि मग पाकीट फोडोन एकीचेच नाव पुकारीत, आणि उरलेल्यांनी पोटात आग पडली असता हसोन टाळ्या वाजवाव्या ऐसा शिरस्ता होता. हे मंडळाचे कारभारी राजीवराव कानिटकर यांनी फोनवर पाहिले, आणि त्यांचे चित्ती आले की यंदाचे स्नेहसंमेलन याच थाटाने करावे. राजीवरावांचे चित्ती काही आले म्हणजे ईमेल येते, आणि ईमेल आली म्हणजे सुटका नाही.

मग मोठी तयारी जाहली. पुरुषांनी काळे कोट भाड्याने आणिले, बायकांनी पायघोळ झगे शिवविले आणि थंडी वाजते म्हणोन वरोन पैठणीचे शेले घेतले. लाल गालिचा हवा, तो राजीवरावांनी आपल्या घरचे जिन्यावरचा उखडोन आणिला. तो पडला अरुंद, सबब सरदार दरकदार रेशनच्या रांगेसारखे एकामागोन एक आत आले. सोनेरी पुतळा म्हणजे क्रिकेटचा जुना कप होता. त्यावरील फलंदाजाची बॅट करवतीने कापोन, सोनेरी रंग फासोन सिद्ध केला, तो हात वर करोन बस थांबविणाऱ्या इसमासारखा दिसो लागला. तथापि पुतळा तो पुतळा. सर्वोत्कृष्ट नटीचे बक्षीस मंडळात पूर्वीपासोनच होते, यंदा जी ठरेल तिचे हाती हा पुतळा जाणार होता.

या किताबास तीन नटी नामजद जाहल्या. पैकी एकीस इस्पितळात ड्यूटी लागली म्हणोन तिने मतदानाचे आधीच माघार घेतली. दुसरी मालविका, वय सव्वीस, जन्म येथीलच, शाळेत मास्तरीण, मराठी बोलते तेव्हा शब्दास शब्द ठेचकाळतो, परंतु रंगमंचावर उभी राहिली म्हणजे मागील रांगेतील कुजबूज बंद पडते. आणि तिसऱ्या खाशा सुचेताबाई गद्रे, निवृत्त वॉर्ड सिस्टर, मूळच्या कऱ्हाडच्या, वय चौसष्ट. या बाईंनी एकवीस वर्षे मंडळाची नाटके केली. सून केली, सासू केली, एके वर्षी नट पळाला तेव्हा मिशी लावोन इन्स्पेक्टरही केला. सहा वेळा नामजद जाहल्या, सहा वेळा दुसरीचे नाव पुकारिले, आणि साही वेळा बाई हसल्या. घरी जावोन मात्र त्यांनी एकदा कुकरचे झाकण आपटले ऐसे कळते.

यंदाची गोष्ट निराळी होती. बाईंचे घर विकले गेले होते आणि मंगळवारी त्या चंबूगबाळे आवरोन एडिनबऱ्यास, लेकाकडे, कायमच्या जाणार होत्या. तेथे त्यांस ओळखणारा एक लेक आणि एक नातू, आणि नातवासही त्या केवळ पोहे करणारी आजी म्हणोन ठाऊक. आपण नटी होतो हे तेथे कोणास सांगावे, आणि सांगितले तरी पुरावा काय, ऐसी बाईंस खंत लागली होती. आणि त्यांचे पर्सेत भाषण होते. पहिल्या नामजदीचे साली लिहिलेले, दर साली दुरुस्त केलेले, सतरा मिनिटांचे. ते एकदा तरी मोठ्याने म्हणावे, एवढीच बाईंची इच्छा होती.

आता पाकिटाची हकीकत. मागील रविवारी सदतीस जणांनी चिठ्ठ्या टाकिल्या, त्या राजीवरावांनी एकट्यांनी मोजिल्या, आणि नाव पाकिटात घालोन, लाख लावोन, गणपतीची शपथ घेतली की पाकीट फुटेपावेतो तोंडातोन अक्षर काढणार नाही. मग संमेलनाचे दिवशी, शुभकार्यातील चीज आधी देवापुढे ठेवावी हा आपला रिवाज, म्हणोन पाकीट देवापुढे ठेविले. आणि हॉलातील पंख्याने ते उडो लागले, म्हणोन ताम्हनाखाली सरकविले. त्याच ताम्हनात मुरलीधरपंत खांबेटे यांनी तांदळाची रास घालोन वर सुपारीचा गणपती मांडिला आणि यथासांग प्रतिष्ठापना केली. मुरलीधरपंत म्हणजे सहा दिवस लोकांचे डोळे तपासणार आणि सातवे दिवशी मंडळाचे गुरुजी. पूजा जाहली, फोटो निघाले, नाच जाहले, आणि कोणाचे काही ध्यानी आले नाही.

मग साडेचार वाजता पुतळा पुढे आणिला आणि राजीवराव पाकीट घ्यावया गेले, तो मुरलीधरपंत आडवे आले. त्यांचे म्हणणे ऐसे की, उत्तरपूजा जाहलियावाचोन देव हलवावयाचा नाही. सन दोन हजार अकरा साली एकाने घाईने हलविला, त्या वर्षी हॉलाची हीटिंग तीन महिने बंद होती आणि दिग्दर्शकास कांजिण्या निघाल्या. राजीवराव म्हणाले, तर उत्तरपूजा करावी. पंत म्हणाले, कार्यक्रम संपलियावाचोन उत्तरपूजा कैसी होईल. राजीवराव म्हणाले, बक्षीस दिलियावाचोन कार्यक्रम कैसा संपेल. कोणी म्हणाले राजीवरावांनी नाव तोंडी सांगावे, तो त्यांस शपथ आठवोन घाम फुटला.

इतक्यात हॉलाचा किल्लेदार ग्लेन, कमरेस किल्ल्यांचा जुडगा, तो दारी येवोन उभा राहिला आणि फर्मावता जाहला की पाच वाजता कराटेवाले येणार, सबब पाचाचे आत हॉल मोकळा पाहिजे. "फाइव्ह मीन्स फाइव्ह, लव्ह," ऐसे तो म्हणाला. घड्याळात चार चाळीस जाहले होते. राजीवरावांनी चार जणांशी मसलत करोन जाहीर केले की बक्षीस पाडव्याचे कार्यक्रमात देऊ.

हे ऐकताच सुचेताबाईंनी दिवस मोजिले. पाडव्यास त्या एडिनबऱ्यात असणार, आणि नाव निघाले तरी रिकामे खुर्चीपुढे निघणार. आता नामजद नटीने उठोन आपले बक्षिसाविषयी बोलावे हे रीतीस सोडोन होते. हॉलिवुडात कोणी केले नाही, आपल्यात तर बायका चहासही तीन वेळा नको म्हणतात. बाईंनी पर्सेची चेन उघडली, लाविली, उघडली. मग म्हणाल्या, जळ्ळी मेली ती रीत, आणि झगा दोहो हातांनी उचलोन मंचावर चढल्या.

बाईंनी वॉर्डात चाळीस खाटा सांभाळिल्या होत्या, सबब त्यांस घाईत काय टाळावे आणि काय टाळो नये याचा अदमास होता. त्या म्हणाल्या, "मुरलीधरराव, एकच सांगा. आपला कार्यक्रम कशाने संपतो?"

पंत म्हणाले, "अहो ताई, आभारप्रदर्शनाने. तो आपला नियमच आहे."

"मग राजीव, आभार मान. आत्ताच्या आत्ता. कार्यक्रम संपला की उत्तरपूजा, उत्तरपूजा झाली की पाकीट. बक्षीस आपण कार्यक्रम संपल्यावर देऊ. त्याला कुठे नियम आहे?"

पंतांनी डोळे मिटोन सर्व शास्त्र आठविले आणि त्यांस हरकत सापडेना. सभेत एकच कल्लोळ जाहला. तथापि संकट पुढेच होते. राजीवरावांचे आभारप्रदर्शन म्हणजे पंचवीस मिनिटांचा मामला. त्यात खुर्च्या लावणारांपासोन ऑनलाइन पाहणारांपावेतो कोणी सुटत नसे. बाईंनी घड्याळ काढोन त्यांस नव्वद सेकंदांची मुदत दिली. राजीवराव पांढरे पडले, आणि मग एका श्वासात एकेचाळीस नावे बोलोन गेले, ऐसी की कोणाचे आभार मानिले हे ज्याचे त्यासही कळले नाही. आपले पत्नीचे नाव राहिले, ते त्यांस पुढे महाग पडले.

मग आरती. निरांजन पेटविले तर छतावरील धुराचा भोंगा वाजेल, म्हणोन बॅटरीचे दिवे तबकात ठेविले, आणि काळे कोट आणि पायघोळ झगे ऐसी सर्व फौज टाळ्या पिटीत उभी राहिली. पंतांनी एकही कडवे सोडले नाही, फक्त चाल वाढविली, ती इतकी की म्हातारे दमोन खुर्चीस टेकले आणि मुले नाचो लागली. नैवेद्याची वेळ आली तो मोदकांचा डबा रिकामा. दुपारीच कोणी फस्त केला होता, नाव येथे लिहीत नाही, परंतु तो भज्यांपाशीही दिसला होता. तेव्हा दारातील ग्लेन, जो इतका वेळ पायाने ठेका धरोन होता, तो आपले खोलीत जावोन कस्टर्ड क्रीम बिस्किटांचा पुडा घेवोन आला. पंतांनी त्यावर पाणी फिरविले आणि देवास दाखविले. देवाने काही तक्रार केली नाही. मग अक्षता पडल्या, सुपारी उत्तरेस सरकली, ताम्हन उचलिले, आणि पाकीट हाती आले तेव्हा पाचास दोन मिनिटे कमी होती.

राजीवरावांनी लाख फोडिली. पाकिटास खालोन ओल लागली होती परंतु अक्षर शाबूत होते. मोठ्याने वाचिले की, सुचेता गद्रे एकोणीस, मालविका अठरा. लोक ओरडो लागले, कोणी शिट्टी मारिली, पुतळा हातोहाती पुढे आला. आणि बाईंनी पर्सेतोन भाषण काढिले, चष्मा लाविला, तो पाचाचे ठोके पडले आणि ग्लेनने दिवे मालविले. पांढरे पोशाखातील कराटेवाले दारी उभेच होते.

मग सर्व फौज पातेली, खुर्च्या, जिन्यावरचा गालिचा, सुपारी आणि नटी ऐसा सरंजाम घेवोन कारपार्कात उतरली. बारीक पाऊस भुरभुरत होता. बाईंस वाटले, आता लोक गाड्यांकडे जातील, आणि आपण कागद परत पर्सेत ठेवावा. तो मालविकेने गालिचा ओल्या डांबरावर अंथरिला आणि बाईंस त्यावर उभे केले.

"काकू, बोला ना. मी तर व्होट पण तुम्हालाच केला," ती म्हणाली. "स्वतःला कसं करणार, इट्स सो ऑकवर्ड."

हे ऐकोन बाईंनी मनात गणित मांडिले, कारण हिशेब सरळ होता. पोरीने आपले मत स्वतःस दिले असते तर पुतळा तिचा होता. बाईंचे तोंड लाल जाहले. मग त्यांनी कागद खाली केला आणि, कागदात नसलेले, सर्वांसमक्ष बोलल्या.

"मंडळी, सहा वेळा मी माझं मत दुसरीला दिलं, कारण स्वतःला द्यायचं नसतं म्हणतात. ह्या वेळी मी मलाच दिलं. मला वाटलं होतं लाज वाटेल. नाही वाटत. मालविका, पाहिजे तर पुतळा घे, पण मत मी परत घेणार नाही."

मालविका हसत सुटली, ऐसी की तिचे डोळ्यातील काजळ गालावर आले. "काकू, फायनली," ती म्हणाली, "मला वाटला तुम्ही कधीच करणार नाही. आता स्पीच द्या, मी भिजते आहे."

मग बाईंनी भाषण म्हटले. सतरा मिनिटांचे सतरा मिनिटे म्हटले. त्यात नावे अकरा होती, पैकी तिघे आता नाहीत आणि दोघे पुण्यास परतले, ती नावे बाईंनी गाळली नाहीत, थांबोन थांबोन घेतली. कागद भिजोन हाती लगदा आला, तो शेवटले पान पाठ होते. पार्किंगची मुदत पाच दहास संपत होती, हे प्रत्येकास ठाऊक होते, आणि एकही गाडी हलली नाही. ग्लेनही दारात उभा राहोन ऐकत होता, त्यास अक्षर कळले नाही, तरी शेवटी त्याने नाक पुसले.

येणेप्रमाणे चैत्रापूर्वी रविवारी, लेस्टर मुक्कामी, कारपार्कात, पावसात, सुचेताबाई गद्रे यांनी सोनेरी पुतळा जिंकिला, आणि मंगळवारी तो गाडीत पुढील सीटवर बसवोन, पट्टा लावोन, एडिनबऱ्यास रवाना जाहला. मंडळाचे दप्तरी नोंद केली ती ऐसी की, मते एकोणीस, सर्व खरी, पैकी एक बाईंचे स्वतःचे, आणि ते एकवीस वर्षे उशिरा पडले.