शेवंताबाईंचा रोजचा फोटो

वसंताचं पत्र आलं तेव्हा कमला सरळ म्हणाली होती, "दुलीचंद मास्तरांले बोलावून आनतो, ते वाचून देतीन." तिचं ऐकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण खेमराज मेश्राम बालाघाटच्या एका सरकारी कचेरीत अकरा वर्षं बाबू होता, आणि घरात बाबू असताना पत्र वाचायला शेजारचा मास्तर बोलवायचा हे काही त्याला पटेना.

"काहून? मले मराठी येत नाही का?"

(येत होती. पण शाळा हिंदी, कचेरी हिंदी. मराठी तो जेवणापुरती आणि भांडणापुरती बोलत असे. वाचायची वेळ आजवर फक्त लग्नपत्रिकांनी आणली होती.)

वसंता हा कमलाचा एकुलता एक भाऊ. फौजेत होता, आणि त्या साली त्याची पलटण कुठंतरी वर पहाडात होती, जिथं गुडघाभर बर्फ पडतो. हे कळल्यापासून त्याची आई शेवंताबाई राजेगावात एकटी झुरत होती, म्हणून कमलानं तिला हिवाळ्यापुरती बालाघाटला आणली होती. बर्फ कसा असतो, हे म्हातारी ज्याला त्याला विचारी. "गोळेवाल्याकडे असते ना, तसाच. पन गावभर," असं खेमराजनं एकदा समजावून सांगितलं होतं, त्या रात्री ती जेवलीच नाही.

तर खेमराजनं घसा साफ केला आणि पत्र वाचलं. मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असाल, आणि शेवटी जयभीमच्या जरा वर एक ओळ: "आईचा रोजचा फोटो पाठवावा."

शेवंताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "रोजचा?"

"रोजचा," खेमराज म्हणाला. "म्हंजे डेली. आमच्या ऑफिसात रोजची हजेरी असते ना, तसं."

"अवो, पन रोज कसा फोटो काढाचा?" कमला म्हणाली.

"त्यानं लिहिलं हाय, मी नाही. लेकरू बर्फात बसून आईचं तोंड मागून राह्यलं, अन् तू सवाल करून राह्यली?"

हे बोलताना त्याला स्वतःबद्दल फार बरं वाटलं. ते वाटणं साधारण चार दिवस टिकलं.

कॅमेरा प्रेमलालचा. प्रेमलाल म्हणजे कचेरीतला शेजारच्या टेबलावरचा बाबू. त्याला लग्नात सासऱ्यानं डबा कॅमेरा दिला होता आणि तेव्हापासून तो पेटीत पडून होता. प्रेमलालनं तो देताना एकच गोष्ट बजावली: "सूरज पीठ के पीछे रखना. धूप नहीं, तो फोटो नहीं."

एका रीळात बारा फोटो. बारा झाले की मोतीलालच्या स्टुडिओत धुवायचे, पाकिटात घालून फौजी पत्त्यावर टाकायचे. पहिले तीन दिवस ऊन होतं. शेवंताबाई आपलं एकमेव चांगलं जांभळं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन अंगणात पेरूच्या झाडाखाली उभी राही. कॅमेरा पाहिला की तिचा चेहरा असा व्हायचा, जणू कोर्टात साक्षीला उभी आहे. "आई, जरासं हासा," म्हटलं की ती तोंड आणखी आवळे.

चौथ्या दिवशी आभाळ भरलं आणि पौषातला पाऊस लागला. पावसाळ्यातला पाऊस निदान येतो आणि जातो. हा आला तो पाहुण्यासारखा ठाण मांडून बसला. सूरज पाठीमागे ठेवायचा कसा? सूरजच नव्हता. घरात फोटो काढावा तर घरात अंधार. अंगणात उजेड बेताचा, म्हणून खटका दाबून तीन आकडे मोजेपर्यंत तसाच धरायचा आणि तोवर कोणी हलायचं नाही, असा तोडगा प्रेमलालनं काढला. पण पावसात चार दिवस उभी राहिलेली म्हातारी तीन आकडे शिंकेशिवाय कशी काढणार? सातव्या फोटोत शेवंताबाईंना दोन डोकी आली.

आणि छत्री एकच. कॅमेऱ्यावर धरली तर आई भिजे. आईवर धरली तर तोंड काळं येई आणि प्रेमलालचा कॅमेरा भिजे. खेमराजवर ती धरावी, असा विषय घरात निघालाच नाही.

कमलाचे वेगळेच हाल. ते जांभळं लुगडं रोज भिजायचं आणि रोज वाळवावं लागायचं. ती शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर लुगडं पसरी. दहाव्या दिवशी त्याला धुराचा वास येऊ लागला, तेराव्या दिवशी पदराला भोक पडलं. "तुमच्या पत्र वाचन्यापायी," एवढंच ती म्हणाली, पण दिवसातून तीनदा.

खेमराजला ताप भरला. त्या दिवशी त्यानं घोंगडं पांघरून अंगणात फोटो काढला आणि परत अंथरुणावर येऊन हिशेब मांडला. वसंताची रजा पुढच्या दिवाळीला. म्हणजे जवळजवळ तीनशे फोटो. तो भिंतीकडे तोंड करून पडला.

संध्याकाळी कमलाला म्हणाला, "एक दिवस सुटला तर काय बिघडन वं?"

पलीकडून शेवंताबाईंचा आवाज आला. "तुमी पडून राहा जवाईबापू. मी मोतीलालच्या दुकानात चालली जाईन पायी. तिकडे माह्यं लेकरू वाट पाहून राह्यलं असंल, की आज आई नाही आली. मंग त्याच्या मनात काय काय येईन?"

खेमराज दुसऱ्या दिवशी उठला.

दुसरं रीळ गेलं, तिसरं लागलं. तिसाव्या दिवशी सकाळी गारा पडल्या. पाच मिनिटांत कौलं वाजली, पेरूची पानं झडली आणि अंगण पांढरं झालं. गारा अजून पडत होत्या, तेवढ्यात शेवंताबाई चपला न घालता खाली उतरली आणि मधोमध जाऊन उभी राहिली.

"आई! अंदर या! डोकं फुटन!" कमला ओरडली.

"काढा फोटो," शेवंताबाई म्हणाली. तिनं वाकून एक गार उचलली आणि मूठ मिटली. "असंच असते का जी तिकडे? एवढं गार?"

खेमराज उंबऱ्यातच थांबला. त्यानं बर्फ कधी पाहिलाच नव्हता. म्हातारीचे पाय निळे पडत होते. "नाही आई," तो म्हणाला, "त्यायच्याजवळ बूट असतात. सरकार चांगले बूट देते." मग घोंगडं डोक्यावर घेऊन तो बाहेर गेला आणि फोटो काढला. एक गार त्याच्या कपाळावर बसली. त्याची दखल कुणी घेतली नाही.

चार दिवसांनी वसंताचं दुसरं पत्र आलं.

शेवंताबाई आणि कमला समोर बसल्या. खेमराजनं पत्र उघडलं, आधी मनात वाचायला लागला, आणि चौथ्या ओळीला त्याला थंडीत घाम सुटला.

"काय लिहिलं?" कमलानं विचारलं.

"खुशाल हाय," खेमराज म्हणाला. "फोटो भेटले. आता... आता पुरे म्हनते."

शेवंताबाईंचा चेहरा एकदम पडला. "पुरे म्हनते? मी पुरी झाली त्याले?" आणि ती रडायला लागली. आवाज न करता, नुसते खांदे हलत होते.

खेमराजनं बायकोकडे पाहिलं. कमलानं त्याच्याकडे असं पाहिलं, की अकरा वर्षांच्या नोकरीत कोणत्याही साहेबानं पाहिलं नसेल. सुटका नव्हती.

"आई, गलती माही हाय," तो म्हणाला. "ऐका, बराबर वाचतो."

आणि त्यानं वाचलं. "आई, तुझे चोवीस फोटो भेटले. आमचे सुभेदार साहेब विचारतात, तुझी माँ इलेक्शनला उभी आहे काय? मी एकच मागितला होता. माझ्याजवळ तुझा स्टुडिओतला फोटो आहे, त्यात तू कुर्सीवर बसली आहे, बाजूला कागदाची फुलं. ती तू वाटतच नाही. म्हणून लिहिलं की रोजचा पाठवा. घरात रोज असते तशी."



"म्हंजे," कमला सावकाश म्हणाली, "एक. घरातल्या लुगड्यातला. एक."

"हौ."

"मास्तरांले बोलावतो म्हटलं होतं मी."

"हौ."

"अन् माय महिनाभर पान्यात भिजली."

"आखरी ओळ रायली हाय," खेमराज घाईघाईनं म्हणाला आणि वाचू लागला. "तेवीस फोटोत तू पाहुणीसारखी उभी आहे. एकात मात्र जुन्या लुगड्यात आहे, पदर खोचलेला, हात वर केलेला आणि तोंड उघडून कोणावर तरी ओरडून राहिली. तो पाहिला आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. तो मी खिशात ठेवला आहे."

तो दिवस खेमराजला चांगलाच आठवत होता. आभाळ घटकाभर उजळलं होतं, पण जांभळं लुगडं वाळलं नव्हतं म्हणून म्हातारी होती तशीच उभी राहिली होती. मागं सरकताना खेमराजचा पाय चिखलात घसरला, पडता पडता खटका दाबला गेला, आणि शेवंताबाई जिवाच्या आकांतानं ओरडली होती, "जवाईबापू, कॅमेरा धरा!"

शेवंताबाईंनी डोळे पुसले. "अजून एक डाव वाचा जी ते. घरी आल्यासारखं."

खेमराजनं वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्या दिवशी त्यानं ती ओळ नऊ वेळा वाचली. नवव्या खेपेला बाजूला दुलीचंद मास्तर बसले होते. कमलानं खात्री करून घ्यायला त्यांना बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. शेवंताबाईंनी ठरवलं, तोच फोटो मोठा करून घरात लावायचा. तिघं मोतीलालच्या स्टुडिओत गेली. मोतीलालनं निगेटिव्ह उजेडात धरून पाहिली, मग तिच्यावरून एक लहान फोटो छापून काउंटरवर ठेवला आणि एका कोपऱ्यावर पेन्सिल टेकवली.

"माताजी, फोटो बढ़िया है. बस, इस कोने में ये काला दाग आ गया है. काट दूँ?"

खेमराजनं वाकून पाहिलं. तो त्याचा अंगठा होता. पडताना काचेवर आला असावा. कापला तर बरंच, असं त्याला वाटलं.

शेवंताबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"काटू नका जी," ती म्हणाली. "दाग नाही तो. आमचे जवाईबापू हायेत."