चुरीकाकांचं ‘प्लीज’

चुरीकाका तुम्हाला ‘प्लीज’ म्हणाले, तर तुमचं काहीतरी चुकलंय असं खुशाल समजा.

बोईसरच्या आमच्या कारखान्यात ते स्टोअर सांभाळतात आणि मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो. पहिल्या दिवशी ते मला म्हणाले, “वुड यू काइंडली पास द रजिस्टर, प्लीज?” मी भारावलो. महिन्याभरात ते नुसतंच “रजिस्टर!” असं खेकसायला लागले.

“काका, माझं काही चुकलं का?”

“अरे, वलख झाली ना आता! मानूस जवल आला का इंग्लिश आखूड करायचं.”

मागच्या वर्षी नवं मशीन बसवायला इंग्लंडहून पीटर आला. सभ्य इतका, की साधा पाना मागतानाही, फार त्रास होणार नसेल तर मिळू शकेल का, असं विचारायचा. पहिला आठवडा काका खूश होते. तिसऱ्या आठवड्यात मात्र भडकले. “अजून तेच? मी काय परका हाय याला?”

त्यांनी पीटरला आणि मला चिंचणीला घरी नेलं आणि बोंबलांचं कालवण वाढलं. घाम पुसत पीटरनं विचारलं, शक्य असल्यास थोडा भात मिळेल का?

“माज्या घरात जेवतो,” काका माझ्या कानात फणफणले, “नि शक्य असल्यास!”

मग त्यांनीच जवळीक दाखवायचं ठरवलं. “पीटर! कम! सिट! ब्रिंग ड्रॉइंग!” चार दिवसांनी पीटर पडेल चेहऱ्यानं माझ्याकडे आला. मिस्टर चुरी माझ्यावर रागावलेत का? मी सांगितलं, रागावले असते तर प्लीज म्हणाले असते. शक्य असल्यास पुन्हा सांगाल का, असं त्यानं विचारलं. पण निरोप घेताना त्यानं हात हलवून “बाय, चुरी!” म्हटलं. ‘मिस्टर’ गळालं म्हणून काकांनी सगळ्या खात्याला चहा पाजला.

गेल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत काकांचा फोन वाजला. ते ताडकन उभे राहिले, शर्ट नीट केला. “यस, मॅडम. आय शॅल बी मोस्ट हॅपी, मॅडम.” मला वाटलं, हेड ऑफिस.

“नात,” ते म्हणाले. “ऑस्ट्रेलियाची. सा वर्साची. आपला समुद्र बघायचा हाय तिला, व्हिडिओवर.”

“नातीला मॅडम?”

काकांनी डबा बंद केला. “तिला मराठी येत नाय. नि अजून भेटच झाली नाय रे. वलख नाय, तर एकदम आखूड कसं बोलू?”

रविवारी सकाळी आम्ही चिंचणीच्या किनाऱ्यावर उभे होतो. व्हिडिओ कॉलवर आधी पाच मिनिटं त्या पोरीनं फक्त आजोबांचा कान पाहिला. मी फोन सरळ करून दिला, तेवढ्यात वाळूतून एक खेकडा पळाला.

“ग्रँडपा! क्रॅब! रन! रन!”

साठीला आलेले काका चपला टाकून पळाले. पँट गुडघ्यापर्यंत भिजली. फोनमधून हुकूम सुटत होते, “लेफ्ट! फास्ट!”

मधेच थांबून ते माझ्याकडे वळले. डोळे भरले होते.

“आयकलंस? एकदापन प्लीज नाय म्हनली!”

आणि पुन्हा खेकड्यामागे धावले.