कूलरमधी भिजवलेले शटल

बॅडमिंटनचं पिसाचं शटल म्हंजे नुसते लाड! हे मी अख्ख्या दर्यापुरात सांगत फिरलो. प्लास्टिकचं घ्या, हाना, बदडा, तुटत नाई, रुसत नाई. माही बहीन दीक्षा त्याच्यावरच तयार झाली. कोच कोन? मी! शिकलो कुठं? मोबाइलवर!

मंग अमरावतीच्या निवड स्पर्धेचा निरोप आला. विभागाच्या टीमसाठी पोरी निवडनार. मॅच पिसाच्या शटलवर, आन हरेक पोरीनं आपला शटलचा डबा आनाचा. डबा नाई तं खेळ नाई.



दर्यापुरात पिसाचं शटल भेटत नाई. अकोल्याहून येनाऱ्या एका मित्राच्या हातून एक डबा मागवला. दीक्षा म्हने, "दादा, एक उघडून दे नं. हात तं बसू दे."

"अजिबात नाई! तुटलं म्हंजे? मॅचले काय झाडू घेऊन जाशीन?"

"पन हे वेगळं उडते म्हंते."

"कोन म्हंते?"

"सारेच म्हंते."

"सारे कोच हाय का?"

बिचारी प्लास्टिकचंच घेऊन खेळाले गेली. मी कोचचं काम केलं. व्हिडिओ पायत बसलो. त्याच्यात एक मानूस सांगे, सुक्या हवेत पिसं पटापट तुटते, थोडा ओलावा द्या. 'थोडा' मी ऐकलं, पन मनावर नाई घेतलं. मे महिना! इथं आंघोळ करून टॉवेल सापडेपर्यंत मानूस वाळून जाते! थोड्यानं काय होते?

सारे शटल कूलरच्या गवतात खोचले, मोटर सुरू केली, आन जेवाले बसलो.

जेवून येऊन पायतो तं शटल कुठं? विहिरीतून काढलेल्या कोंबड्या होत्या त्या! एक दाबलं, पानी गळलं. छाती अशी धडधडाले लागली, का कूलरची मोटर मागं पडली!

धावत छतावर गेलो. शेजारच्या केशरबाई काकूंनी बाजीवर लुगडं टाकून कुरोड्या वाळू घातल्या होत्या. एका कोपऱ्यात जागा होती. हळूच शटल मांडले. उन्हात मिनिटात सुकतीन! खाली आलो, पानी प्यालो, अंमळ लवंडलो.

डोळा उघडला तं बाहेर वावधान! धूळ, पत्रे, कोनाची तरी चादर! छतावर गेलो. बाज हाय, लुगडं नाई. लुगडं नाई तं कुरोड्या नाई. कुरोड्या नाई तं...

काकूंच्या घरी गेलो. चुलीवर कढई, काकू कपाळाले हात लावून बसलेल्या.

"पियुष, यंदा माह्या कुरोड्या बिघडल्या रे बाप्पा."

"काहून, काकू?"

"वावधान आलं म्हनून लुगड्यासगट उचलून पिप्यात ओतल्या, त्यातली येक तळून पायली. फुलूनच नाई रायली. वरतून जळका वास!"

मी कढईत पायलं. तेलावर बूच तरंगून रायलं होतं.

"काकू! ते शटल हाय!"

काकूंनी चष्मा लावला. कढईत पायलं, माह्याकडे पायलं.

"मंग कुरोडीच्या बाजीवर कायले ठेवलं रे मुडद्या? मी तं पोरीच्या सासरी डबा भरून पाठवनार होती! काय म्हनले असते ते लोक?"

पिप्यातून एकेक शटल निवडून काढलं. कोनाची पिसं मुरडली, कोनाले कुरोडीचा चुरा चिकटलेला. डब्यात भरले, झाकन लावलं. दीक्षाले सांगतलं नाई. काय सांगू?

स्पर्धेच्या दिवशी जीपमधी डबा मांडीवर धरून बसलो. दीक्षा विचारे, "दादा, तुले ताप हाय का? घाम काहून येऊन रायला?"

"ऊन हाय नं."

"सकाळी?"

अमरावतीच्या हॉलमधी टेबलावर धर्मपाल सर बसले होते. अंपायरही तेच, निवडनारेही तेच. मी आवाज चढवून "जय भीम सर!" केलं. त्यांनी डबा उघडला, मागच्या रेषेवर जाऊन एक शटल खालून हानलं. शटल निघालं सरळ, मधातच विचार बदलला, आन वरातीतल्या बेवड्यासारखं झोकांड्या खात बाजूच्या कोर्टात जाऊन पडलं.

सरांनी दुसरं नाकाजवळ नेलं. "हा कायचा वास हाय?"

"कूलरचा, सर."

"आन हे पांढरं?"

"कुरोडी, सर."

"खेळासाठी आनले का पंगतीसाठी?"

दीक्षानं माह्याकडे पायलं. ओरडली असती तं बरं झालं असतं. तिनं एक शटल घेतलं आन नखानं चुरा खरवडाले लागली.

सर म्हने, "चांगला डबा नाई तं नाव कापा लागते."

 पोट्टी सालभर घाम गाळून रायली, आन तिचं नाव मी कूलरमधी बुडवलं!

तेवढ्यात समोरची पोरगी, पौर्णिमा, अमरावतीच्या मोठ्या अकॅडमीची, म्हनाली, "सर, माझ्या डब्यातले वापरू ना. खेळू द्या हिला."

सर तयार झाले. मॅच सुरू झाली, आन माहा जीव अजूनच वर गेला. दीक्षा पहिल्यांदाच पिसावर खेळून रायली होती! प्लास्टिकचं शटल मागच्या रेषेपर्यंत चालत जाते. हे अर्ध्यातच मान टाके. दीक्षा मागं वाट पाहे, शटल समोर पडे.

मी ओरडलो, "मागं राय! मागं!"

शटल समोर.

"अजून मागं!"

अजून समोर.

पहिला गेम गेला. पानी प्यायले आली.

"दादा, एक काम करशीन?"

"सांग नं!"

"तोंड बंद ठेव."

ठेवलं. रुमाल तोंडात धरून बसलो. दीक्षा दोन पावलं पुढं सरकली. पडनारं शटल जाळीपाशीच उचलाले लागली, हळूच पलीकडे टाकाले लागली. पौर्णिमा धावून धावून दमली. दुसरा गेम दीक्षाचा. तिसऱ्यात मी डोळे मिटले. टाळ्या वाजल्या तवा उघडले. दीक्षा जिंकली होती! सरांनी नाव टीममधी घेतलं!

रुमाल काढला, कॉलर नीट केली, सरांसमोर जाऊन उभा रायलो.

"पोरी, एका मॅचमधी खेळ बदलला तू. कोनं शिकवलं?"

"कोनीच नाई, सर."

सरांनी माह्याकडे बोट केलं. "मंग हा कोन हाय?"

दीक्षानं मले वरून खालपर्यंत पायलं. "हे? एकाच जीपमधी होतो, सर."

आता खोटं कसं म्हनू! जीपमधी तं मी होतोच.