सात नंबरच्या नळीतला प्रसाद

दोन हजार तीन साली कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका तेलगिरणीत शेंगदाण्यातलं तेल मोजणारं नवं यंत्र आलं, तेव्हापासून तिथला मदतनीस आकाराम जमिनीवर नव्हताच.

"बी फोडायचं नाही, दळायचं नाही," प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या निशा मॅडमनी त्याला समजावलं होतं. "नळीत भरून चुंबकात ठेवायचं, वरनं रेडिओच्या लहरी सोडायच्या. आतलं तेल त्या लहरींना ओ देतं. केवढी ओ दिली, त्यावरनं तेल किती ते कळतं."

"म्हंजी कीर्तनच की ओ म्याडम! बुवा हाक मारत्यात, आन् ज्याच्यात जेवढा भाव, तेवढी त्याची ओ!"

पेरणीला कुणाचं बी वाटायचं ते ठरवायला गावोगावचे नमुने नंबर घातलेल्या नळ्यांत भरले, त्या दिवशी द्वादशी होती. आदल्या दिवशीचं कीर्तन आकारामच्या कानात अजून सुरूच होतं आणि खिशात बुवांच्या हातचा प्रसाद होता, भाजके शेंगदाणे. मॅडम फोन घ्यायला गेल्या. आकारामला वाटलं, प्रसादाची ओ केवढी असंल? त्यानं सात नंबरची नळी तळहातावर रिकामी केली, तीत प्रसाद भरला, नळी यंत्रात सोडली आणि डोळे मिटले. चुंबकाच्या पोटात समई तेवतेय, एकेक दाणा टाळ घेऊन उभा राहिलाय, असं त्याला दिसायला लागलं. त्या तंद्रीत हातावरचे दाणे त्यानं कपाळाला लावले आणि तोंडात टाकले. जरा कच्चट लागले. पण प्रसादाला नावं कोण ठेवणार?

डोळे उघडले तेव्हा मॅडम पडद्यापुढं ओरडत होत्या, "चोपन्न टक्के! बाकी सगळे पन्नाशीच्या आत, सात नंबर चोपन्न!"

आकाराम सांगायला गेला, पण तोंडात सात नंबर होता.

तो गिळेपर्यंत मॅडम मालकांच्या केबिनात पोचल्या होत्या. हंबीरराव मालकांनी तडक आजऱ्याकडं जीप धाडली, कारण सात नंबरचं बी तिकडच्या झुंबरबाईंचं होतं. दुपारनंतर म्हातारी शेंगांची पिशवी घेऊन हजर. मालकांनी स्वतः खुर्ची पुढं केली.

"मावशी, औंदा समद्या शेतकऱ्यांस्नी तुमचंच बी देणार!"

झुंबरबाईनं डोळ्याला पदर लावला. "गावात ह्या जुन्या बियाला कुणी इचारत न्हवतं, मालक."

दारात उभा आकाराम हे ऐकत होता. गप्प बसलं तर म्हातारीचा मान राहतो, आपली नोकरीही राहते. पण पेरून शेतकरी फसले तर? कीर्तनात मान डोलवायची आणि इथं तोंड मिटायचं?

"मालक," तो म्हणाला, "त्यो आकडा प्रसादाचा हाय."

सगळं ऐकून मॅडमनी कपाळाला हात लावला. "भाजल्यावर पाणी उडतं, म्हणून आकडा फुगला!"

"आन् मावशीचं बी कुठं हाय?" मालक गरजले.

"पोटात."

"उद्यापासनं हिकडं फिरकू नगंस!"

झुंबरबाई मात्र आकारामकडं वळली. "खाल्लंस व्हय लेका? कसं लागलं?"

"कच्चं हुतं मावशी. पर इतकं ग्वाड, की प्रसाद न्हवं अशी शंकाच आली न्हाय."

"ऐका मालक! तुमच्या मशिनीला जीभ हाय का?"

मालकांनी रागारागानंच पिशवीतली शेंग फोडून दाणे तोंडात टाकले. त्यांचे डोळे आपोआप मिटले. दुसरी फोडली. तिसरी त्यांनी आकारामपुढं धरली.

"उभा काय ऱ्हायलाईस? सोल की!"

आकाराम सोलत राहिला, मालक तंद्रीत खात राहिले, टेबलावर टरफलांचा डोंगर झाला. निशा मॅडम रिकामी नळी धरून कधीच्या शेजारी उभ्या होत्या.

"मालक, तपासायपुरतं तरी ठेवा!"