करपलेला ट्रे

त्या रविवारी सकाळी मी भांडी घासायचं ठरवलं. आपणहून. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी टोमणा मारला नव्हता, पाहुणेही यायचे नव्हते. (पाहुण्यांसमोर मी नेहमीच भांडी घासायला उठतो. ते "राहू द्या हो" म्हणतात आणि मी राहू देतो.) माणसाला अधूनमधून चांगलं वागायची लहर येते. अशा वेळी थोडं पडून राहावं, जाते ती. मी पडून राहिलो नाही, तिथेच सगळं चुकलं.

लहर यायला कारण आमची ही. ही सध्या कॉलेजात शिकते. लेक नोकरीला लागली त्या वर्षी हिने गुपचूप चित्रकलेच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा दिली आणि पास झाल्यावर चहाचा कप पुढे करता करता घरात सांगितलं. मी म्हटलं, "या वयात?" ही म्हणाली, "मागच्या वयात तुम्ही सगळे होतात." मी बिस्किट बुडवलं.

तेव्हापासून माझी पंचाईत झाली आहे. ऑफिसात कोणी विचारतं, "मिसेस काय करतात?"

"कॉलेजात असतात."

"वा! काय शिकवतात?"

"शिकवत नाहीत. शिकतात."

मग समोरचा माझ्याकडे कणवेने बघतो. कीव तिची की माझी, ते मला अजून कळलेलं नाही.

वर्गातली पोरं हिला काकू म्हणतात. ड्रॉइंग, पेंटिंग आणि प्रिंटमेकिंग असे तीन विषय. त्यातल्या प्रिंटमेकिंगमध्ये धातूच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, त्यात शाई भरायची आणि कागदावर ठसे घ्यायचे. हिचा जीव या तिसऱ्यात. हे शेवटचं वर्ष. सोमवारी सबमिशन होतं, बाहेरचे परीक्षक यायचे होते, आणि सहा प्लेट दाखवल्या नाहीत तर वर्ष वाया. पाच झाल्या होत्या. सहावी चार महिने चालू होती. ही कधी रेघा मारत बसलेली दिसायची, पण कशावर, ते मी वाकून पाहिलं नव्हतं. कलावंताला एकांत लागतो, असं मी ऐकून होतो. (शिवाय त्या वेळी टीव्ही मोकळा असायचा.)

तर रविवार. ही कागद आणायला बाहेर गेलेली, लेक झोपलेली, आणि मी बाह्या सरसावून सिंकसमोर उभा. पेले झाले, ताटल्या झाल्या, आणि ओट्याच्या कडेला भिंतीला टेकवून ठेवलेला एक ट्रे दिसला. काळाकुट्ट करपलेला. नीट पाहिलं तर त्या काळ्यावर खरवडल्यासारख्या बारीक बारीक रेघा होत्या. म्हणजे हिने बिचारीने घासायचा प्रयत्न केला होता आणि दमून सोडून दिला होता! मला भडभडून आलं. अभ्यास करायचा, घर बघायचं आणि वर हा ट्रे. ठरवलं, ही यायच्या आत याचा निकाल लावायचा.

साबणाने काही होईना. गरम पाण्याने होईना. एरवी मी अशा वेळी "भिजत ठेवू" म्हणतो आणि ती वस्तू आठवडाभर भिजते. माझा हा आळस किती गुणी होता ते मला नंतर कळलं. पण त्या दिवशी मी इरेला पेटलो होतो. हिच्या शेल्फवर टर्पेंटाइनची बाटली होती. फडक्यावर जरासं घेऊन फिरवलं मात्र, काळं भराभर सुटायला लागलं. मग तारेची घासणी घेतली आणि गोल गोल असा काही घासला की खांदा भरून आला. ट्रे आरशासारखा लख्ख. त्यात मला माझं तोंड दिसलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते मला कर्तबगार वाटलं.

लेक डोळे चोळत आली. "बाबा, काय करताय?"

"ट्रे घासला. कसला करपला होता!"

"कुठला ट्रे?"

"हा. ओव्हनचा."

"बाबा, आपल्याकडे ओव्हनच नाहीये."

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

लेकीने माझ्या हातातून तो पत्रा घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि मटकन खुर्चीवर बसली. "ही आईची प्लेट आहे. सहावी. ते काळं म्हणजे लेप होता, त्यावर सुईने चित्र काढलं होतं. उद्या सकाळी ॲसिडमध्ये घालायची होती, मग त्या रेघा पत्र्यात खोल उतरल्या असत्या. अजून उतरल्या नव्हत्या, बाबा. चित्र फक्त त्या लेपात होतं."

"आणि लेप..."

"तुम्ही धुतलात."

"बूट पॉलिश लावून परत काळं करू या का?" असं मी विचारल्याचं लेक अजून सगळ्यांना सांगते.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. ही आत आली, कागदाची गुंडाळी खाली ठेवली, आणि तिला लेकीच्या हातात पत्रा दिसला. मला वाटलं ओरडेल. ओरडायला हवं होतं हो! तीस वर्षांचा अनुभव आहे मला, ओरडणं मी निभावतो. पण हिने नुसता पत्रा घेतला, खिडकीपाशी नेला, उजेडात तिरका धरून पाहिला, एखादी रेघ राहिली असेल म्हणून. नव्हती. मी अर्धवट काम करत नाही.

"काय होतं गं त्यात?" मी विचारलं.

"गॅलरीतली दोरी," ही म्हणाली. "वाळत घातलेले कपडे. आपल्या तिघांचे. तुमचं भोकाचं बनियनसुद्धा."

आणि ही पदराने डोळे पुसायला लागली. ज्या बनियनला मी स्वतः कधी किंमत दिली नाही, त्याचं एकेक भोक हिने चार महिने बसून काढलं होतं. मला खरंच रडू आलं. फोन घेऊन मी आतल्या खोलीत गेलो आणि हिच्या सरांना फोन लावला.

"सर, मिसेसची सहावी प्लेट मी ट्रे समजून घासली. चूक सर्वस्वी माझी आहे. त्यांना मुदत द्या."

"कशाने घासलीत?" सरांनी विचारलं.

"तारेच्या घासणीने."

"उभी की गोल?"

"गोल."

"मुदत माझ्या हातात नाही. परीक्षक उद्या येऊन उद्याच जाणार. काकूंना फोन द्या. आणि तुम्ही... तुम्ही बसून राहा. कशालाही हात लावू नका."

ही फोनवर एवढंच म्हणाली, "हो सर. पत्रा आहे. सुई आहे. पण काढू काय? डोकंच चालत नाहीये माझं."

सरांनी बसून राहायला सांगितलं होतं, पण बसवेना. हिच्यासमोर उभं राहवेना आणि घराबाहेर जावं तर पळून गेल्यासारखं दिसेल. शेवटी मी पुन्हा सिंकशी गेलो. एक पातेलं उरलं होतं, ते घासायला लागलो. भांड्यांच्या बाबतीत आता आणखी काही बिघडणार नव्हतं.

"हलू नका," मागून हिचा आवाज आला.

"अगं, पातेलं..."

"घासत राहा. फक्त वळू नका."

मग खरखर सुरू झाली. हिने नवा लेप लावलाच नव्हता, ॲसिडचीही वाट पाहिली नव्हती. टोकदार सुईने सरळ धातूवरच ओरखडत होती. तशीही पद्धत असते म्हणे, फक्त हात पक्का लागतो, कारण मारलेली रेघ पुसता येत नाही. मी पातेलं घासत होतो. पातेलं चकचकीत झालं तरी घासत होतो. लेकीने कपाटातली स्वच्छ भांडी काढून माझ्या बाजूला रचली. "बाबा, थांबू नका." माझ्या बोटांना सुरकुत्या पडल्या. जेवण झालं ते उभ्यानेच, लेकीने घास भरवले, कारण खांदे हलवायची परवानगी नव्हती.

"डावा खांदा एवढा उतरलाय कधीपासून?" हिने विचारलं.

"ऑफिसची बॅग."

"मला दिसलंच नव्हतं."

कितीतरी वर्षांत हिने माझ्याकडे इतकं टक लावून पाहिलं नव्हतं. एरवी बघते ती शर्टाचं बटण तुटलंय का तेवढं. मला मागे वळून हिचा चेहरा बघायची फार इच्छा झाली. पण वळायची बंदी. म्हणून जे बोलायचं ते मी नळाकडे बघून बोललो.

"चुकलं माझं."

सुई थांबली. "माहीत आहे. तुमचे खांदे केव्हाचे तेच सांगतायत." आणि खरखर पुन्हा सुरू झाली. "आता ते ताट घ्या. आणि सारखं नाक ओढू नका, पाठ हलते."

सोमवारी सकाळी मी हिच्याबरोबर कॉलेजात गेलो. सरांनी दारातच मला ओळखलं, वास्तविक ते मला कधी भेटले नव्हते. "हात खिशात," ते म्हणाले. मी घातले. हिने पत्र्यावर शाई चोळली, जाळीच्या कापडाने पुसली, ओला कागद वर ठेवला आणि प्रेसचं मोठं चाक फिरवायला घेतलं. चाक जड होतं. मी पुढे सरकलो. सगळा वर्ग ओरडला, "काका, नको!"

कागद उचलला. सिंक, नळ, भांड्यांची उतरंड, आणि पाठमोरा एक माणूस. डावीकडचं उजवीकडे आलेलं, ठशात तसंच होतं. माझा उतरलेला खांदा, मानेवरची घडी, वर गेलेला सदरा. आणि माझ्या घासणीच्या गोल ओरखड्यांनी शाई धरल्यामुळे सगळीकडे करडी वाफ पसरलेली. काही ठिकाणी हिने ते ओरखडे घासून गुळगुळीत केले होते, सिंकवर तसेच ठेवले होते. सर कागदावर वाकले आणि म्हणाले, "काकू, ही आधीच्या पाचांपेक्षा चांगली आहे." माझ्याकडे वळून म्हणाले, "याचा अर्थ तुम्ही परत घासायचं असा नाही."

ही पास झाली. पहिल्या वर्गात! मी ऑफिसात पेढ्यांऐवजी सगळ्यांना बातमी वाटली, दोनदोनदा. आता कोणी कणवेने बघत नाही, नुसतं टाळतात.

कॉलेजच्या प्रदर्शनात त्या प्लेटचा ठसा मधल्या भिंतीवर लागला. मी नवा शर्ट घालून, दाढी करून, चित्राशेजारी जाऊन उभा राहिलो. लोक येत, चित्र बघत, मला "जरा सरकता का?" म्हणत. कोणी ओळखेना. मग मला कारण उमगलं आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, डावा खांदा जरा उतरवून. लेक म्हणाली, "बाबा, प्लीज."

तेवढ्यात सोमवारच्या परीक्षक बाई प्रदर्शन बघायला आल्या. वयस्कर, चष्मा साखळीला अडकवलेला. चित्रासमोर कितीतरी वेळ थांबल्या. हिला म्हणाल्या, "या पाठीत किती माया आहे! इतक्या जवळून कोणाला पाहिलंत?"

"हे आमचे मिस्टर," ही म्हणाली, आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा असतानाही तिच्या आवाजातलं कौतुक मला स्पष्ट ऐकू आलं. ऊर भरून आला. अखेर तो क्षण आला होता. मी सावकाश वळलो, केसांवरून हात फिरवला आणि माझं ठेवणीतलं हसू हसलो.

बाईंनी चष्मा लावला. माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग चित्राकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्या चेहऱ्याकडे.

"पाठमोरेच काढलेत," हिचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "ते फार बरं केलंत."

आणि आमच्या हिने, क्षणभरही विचार न करता, मान डोलावली.