धुऊन परत दिलेला तंबू

"आई, एक डाग राहता कामा नये हं. साहेबांची वस्तू आहे ती," जगदीशनं बाथरूमच्या दारातून तिसऱ्यांदा बजावलं.

"मग तू येतोस का आत? नाही ना? मग बाजूला हो."

कुसुमताईंनी पदर खोचला होता. बाथटबमध्ये कढत पाणी, पाण्यात कपडे धुवायची दोन मापं पावडर, आणि त्या फेसात लिंडनरसाहेबांचा हिरवा तंबू म्हशीसारखा डुंबत होता. कुसुमताई ब्रश घेऊन त्याच्या पाठीवर तुटून पडल्या होत्या. औरंगाबादहून तीन महिन्यांसाठी लेकाकडे आलेल्या या बाईंचा जन्मभराचा एक नियम होता. उसनी वस्तू घेतली त्याहून स्वच्छ करून परत द्यायची. मग ती शेजारणीची परात असो, नाहीतर जर्मन साहेबाचा तंबू.

हा तंबू घरात आला तो निव्वळ जगदीशच्या जिभेमुळे. मार्चमध्ये तो जर्मनीत एश्बॉर्नच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. पहिले सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे परीक्षेचा काळ. ऑगस्ट संपताना लिंडनरसाहेब एका कागदावर सही करणार की नोकरी कायम. सही नाही झाली तर नवा फ्लॅट, व्हिसा, नऊ वर्षांच्या लेकीची, धम्मदीपाची शाळा, सगळंच बोंबलणार होतं. त्यामुळे साहेबांनी ऊन म्हटलं की जगदीश घाम पुसायचा.

आणि साहेबांचा आवडता विषय एकच. दर ऑगस्टमध्ये आठवडाभर ते बायकोला घेऊन सीमेपलीकडे एका जुन्या फ्रेंच गावाबाहेर तंबू ठोकून राहायचे. गावाची दगडी वेस, चारशे वर्षांची विहीर, चर्चवरचं करकोच्यांचं घरटं, सगळं जगदीशला तोंडपाठ झालं होतं. साहेबांच्या टेबलावर फोटो होते. दरवर्षीचा एक, तोच तंबू, तेच अक्रोडाचं झाड, आणि पुढे हसणारे दोघं. "पाऊस असो, गारा असो, आम्ही तंबूतच," असं साहेब कँटीनमध्ये सगळ्यांना सांगायचे.

एकदा जेवताना जगदीशच्या तोंडून निघून गेलं, "वा! आम्हालाही फार आवडतं हो कॅम्पिंग. फक्त तंबू नाही आमच्याकडे." जगदीशचं सगळं कॅम्पिंग म्हणजे उन्हाळ्यात गच्चीवर टाकलेली गादी! पण साहेबांचं मन राखायला माणूस एवढं बोलतोच.

साहेबांच्या घशात बटाटा अडकला. मग ते सावकाश म्हणाले, "आल्झो... म्हणजे... हवा तर माझा न्या."

आता साहेब देतायत म्हटल्यावर नको कसं म्हणायचं? जगदीशनं लगेच आभार मानले, "डांके!" साहेबांचा चेहरा जरा उतरला. तंबूवर जीव दिसतोय, असं जगदीशला वाटलं.

जूनमध्ये फ्रोनलाइखनाम या चर्चच्या सणाची चार दिवसांची सुट्टी आली आणि सगळं कुटुंब त्याच गावाबाहेर, त्याच अक्रोडाखाली जाऊन पडलं. तंबू उभा करायला अडीच तास लागले. नंदानं, म्हणजे जगदीशच्या बायकोनं, सात वेळा "अहो, ती काठी उलटी आहे" म्हटलं आणि सातही वेळा तिचंच खरं निघालं. कुसुमताई खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हात हलवत होत्या. चार दिवस आकाश निळंशार होतं. तिसऱ्या दिवशी धम्मदीपाचा पाय लागला आणि वरणाचं पातेलं तंबूत कलंडलं. हिरव्या कापडावर परातीएवढा पिवळा डाग पडला.

म्हणून घरी आल्या आल्या ही धुलाई. साबण लागताच हळदीचा डाग लालभडक झाला, तेव्हा जगदीशनं अक्षरशः भिंत धरली.

"अरे, हळद आहे ती. उन्हात उडून जाते. तुझी झबली कोणी धुतली?" कुसुमताई म्हणाल्या.

आणि खरंच, बाल्कनीत दोन दिवस वाळल्यावर डाग औषधालाही उरला नाही. तंबू नव्या साडीसारखा घडी घालून जगदीशनं ऑफिसात नेला.

"भिजलात का?" साहेबांनी पहिला प्रश्न विचारला.

"छे! एक थेंब नाही."

"देवाची कृपा," म्हणत साहेबांनी इतका लांब सुस्कारा सोडला की जगदीशचा ऊर भरून आला. किती काळजी या माणसाला!

ऑगस्टच्या मध्यावर साहेब तंबू घेऊन सुट्टीवर गेले. पुढच्या सोमवारी जगदीशचा सहकारी सिद्धेश एक नवाकोरा तंबू घेऊन ऑफिसात आला. सुपरमार्केटात सेल होता म्हणे. जगदीश तज्ज्ञाच्या थाटात शिवण तपासायला लागला आणि शिवणीला लावलेल्या चिठ्ठीवर त्याची नजर पडली. फक्त गार पाण्यानं, स्पंजनं पुसा. गरम पाणी, साबण, ब्रश वापरू नका. पाणी रोखणारा थर निघून जाईल.

"सिद्धेश, साबणानं धुतला तर काय होतं रे?"

"कोण गाढव धुतो साबणानं? मग तंबू कसला, चाळण होईल! ए, काय झालं? पाणी आणू का?"

जगदीशनं संगणकावर हवामान काढलं. त्या फ्रेंच गावाच्या डोक्यावर मंगळवारपासून रविवारपर्यंत एकसारखे सहा काळे ढग बसले होते. साहेबांना फोन करावा, तर साहेब सुट्टीत मोबाइल टेबलाच्या खणात ठेवून जात. जगदीशनं फोन लावला तेव्हा तो पलीकडच्या खोलीतूनच वाजला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं बूटही काढले नाहीत.

"आई, तुला कुणी सांगितलं होतं ब्रश घ्यायला? कढत पाणी कुणी सांगितलं होतं?"

"तूच तर म्हणालास, डाग..."

"मी डाग म्हणालो! अख्खा तंबू उकळायला सांगितलं होतं का? माझी नोकरी धुतलीस तू, कळतंय का?"

हातातली पालकाची जुडी कुसुमताईंनी ओट्यावर ठेवली आणि त्या आत निघून गेल्या.

"अहो, दारात उभं राहून 'घास, अजून घास' कोण म्हणत होतं?" नंदानं विचारलं. जगदीशनं नुसताच आवाज चढवला आणि तोही आत गेला.

मग पाच दिवस पाऊस पडला. एश्बॉर्नमध्ये कमी पडला आणि संगणकावरच्या त्या गावात जास्त. जगदीश तासातासाला ढग बघायचा. ओलेचिंब लिंडनरसाहेब, छत्रीखाली कुडकुडणाऱ्या लिंडनरबाई, सोमवारी न्यूमोनिया झालेल्या हातानं सहीला दिलेला नकार, सगळं त्याला दिसायचं. घरात आईकडे बघायचीही लाज वाटायची. आणि लाज वाटली की तो अजूनच तुटक बोलायचा. कुसुमताईंनी बॅग भरायला घेतली होती. परतीचं तिकीट अजून दोन आठवड्यांनी होतं.

शुक्रवारी नंदा म्हणाली, "बास झालं. उद्या जायचं, नवा तंबू विकत घेऊन द्यायचा, खरं काय ते सांगायचं आणि माफी मागायची. आई, तुम्हीही चला."

"मला कशाला? मी आणखी काही धुवीन," कुसुमताई म्हणाल्या. पण सकाळी गाडीत सगळ्यात आधी त्याच बसल्या होत्या.

तीन तास वायपर खडखडत होते. कॅम्पवर पोचले तेव्हा अक्रोडाखाली साहेबांचा तंबू कसाबसा उभा होता. छपरात पाण्याची परात साचली होती. जगदीशनं काखेत नवा तंबू धरला, "हेर लिंडनर!" अशी हाक मारली आणि उत्तर आलं नाही म्हणून धीर करून चेन उघडली. आत घोट्याएवढं पाणी होतं आणि त्यात एक घडीची खुर्ची उभी होती. माणूस नाही, अंथरूण नाही, पिशवी नाही.

"पापा, दा इस्ट नीमांड," धम्मदीपा म्हणाली. कुणीच नाही, हे जगदीशलाही दिसत होतं.

"हॉस्पिटलात नेलं असणार," तो पुटपुटला. "अगं नंदा, संपलं सगळं."

"कुणाचं काय संपलंय ते नंतर बघू," मागून कुसुमताई म्हणाल्या. पाच दिवसांत त्या त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या. "मला आधी बाथरूम पाहिजे आणि मग चहा. गावात चल."

दगडी वेशीला लागूनच एक छोटं हॉटेल होतं. चौघं निथळत आत शिरले. आत शेकोटी पेटली होती, कॉफीचा वास सुटला होता, आणि खिडकीजवळच्या टेबलावर एक गृहस्थ लोकरी सपाता घालून उकडलेल्या अंड्याचं टोक चमच्यानं फोडत होते.

"हेर लिंडनर!" धम्मदीपा ओरडली.

अंडं कपातून घरंगळलं. साहेब उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. समोर लिंडनरबाई होत्या. त्यांनी रुमालात तोंड लपवलं.

जगदीशला काहीच दिसत नव्हतं. पाच दिवसांपासून पाठ केलेलं सगळं तो एका दमात बोलून गेला. वरण, हळद, पावडर, ब्रश, चिठ्ठी. "चूक माझी आहे. मीच घासायला लावला. तुमचा तंबू माझ्यामुळे गळतोय. हा नवा घ्या. मला फार लाज वाटते."

साहेबांचे कान लाल झाले होते, साबण लागलेल्या हळदीसारखे.

"तो तंबू," ते अगदी हळू म्हणाले, "बारा वर्षांपासून गळतोय."

"काय?"

"पहिल्या दिवशी आम्ही तो उभा करतो, फोटो काढतो आणि इथे येतो. दरवर्षी हीच खोली."

"मग मला दिलात कशाला?"

"अहो, मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणालो! तुम्ही एकदम डांके म्हणालात!"

"मी पण म्हणायचं म्हणूनच म्हणालो होतो!"

आता लिंडनरबाईंना राहवलं नाही. "तुम्ही गेलात ते चार दिवस हा माणूस जेवला नाही. सारखं हवामान बघत बसायचा. लहान मुलगी आहे, म्हातारी आई आहे, भिजतील म्हणायचा. मी म्हटलं, फोन कर आणि खरं सांग. तर म्हणे, लाज वाटते."

जगदीश मटकन खुर्चीत बसला. कुसुमताई बाथरूममधून हात पुसत आल्या आणि त्यांनी सगळ्यांची तोंडं बघितली.

"काय म्हणतोय साहेब?"

जगदीशनं सांगितलं. सांगताना तो टेबलाकडे बघत होता.

"म्हणजे आधीपासूनच गळका होता?"

"हो."

"आणि तू मला पाच दिवस घालूनपाडून बोललास."

"चुकलो, आई. आधीच चुकलो होतो. तंबू गळका नसता तरी चुकलोच होतो." परक्या गावातल्या हॉटेलात, साहेबांसमोर, तो लहान पोरासारखा डोळे पुसायला लागला.

कुसुमताईंनी पदरानं त्याचं ओलं डोकं खसाखसा पुसलं. तंबूला लावला होता तेवढाच जोर लावून.

"काय म्हणतायत आई?" साहेबांनी काळजीनं विचारलं.

"त्या म्हणतायत," नंदानं मध्येच सांगून टाकलं, "तंबू फार मळका होता."

"गेनाऊ, अगदी बरोबर," साहेब मान खाली घालून म्हणाले. "कधीच धुतला नव्हता."

सोमवारी साहेबांनी जगदीशला केबिनमध्ये बोलावलं. कागदावर सही आधीच झालेली होती. तेवढ्यात दारातून सिद्धेशनं डोकावून विचारलं, "हेर लिंडनर, कसा काय झाला कॅम्प? पाऊस होता म्हणे."

साहेबांनी एकदा जगदीशकडे बघितलं. "होता ना. पण तंबूत पावसाची मजाच वेगळी."

"गेनाऊ," जगदीश म्हणाला.

सिद्धेश गेल्यावर साहेबांनी टेबलाखालून हिरवी पिशवी ओढली आणि घाईघाईनं जगदीशच्या हातात कोंबली. "हा आता तुमचा. कृपा करून न्या. फोटोसाठी तुम्ही दिलेला नवा पुरेल."

घरी कुसुमताई बॅगेतल्या साड्या परत कपाटात लावत होत्या. पिशवी बघताच त्यांनी कपाळावर हात मारला.

"पुन्हा आणलास? चिखल लागलाय की सगळा!"

"साहेबांनी देऊन टाकला, आई. कायमचा. आता आपलाच आहे." जगदीशनं पिशवी बाथरूमपाशी ठेवली आणि तो आशेनं आईकडे बघत उभा राहिला.

कुसुमताईंनी साडीची घडी नीट केली.

"उसना असता तर धुतला असता," त्या म्हणाल्या. "आपलाच आहे ना? मग ब्रश तिथे खाली आहे. आणि एक डाग राहता कामा नये हं."